शोवा कोई कसा ओळखावा

लाल, काळा आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेला कोई मासा (शोभेसाठी पाळला जाणारा रंगीत कार्प) समोर आला की तो शोवा आहे की सांके, असा प्रश्न पडतो. नवखा माणूस लाल रंग न्याहाळत बसतो आणि तिथेच फसतो, कारण तो दोन्ही जातींत असतो. खरी खूण काळ्या रंगात आहे. जपानी पैदासकार या काळ्याला ‘सुमी’ म्हणतात.

सुमीकडे कसे पाहावे हे कळण्यासाठी दोन्ही जातींचे कूळ आधी ठाऊक हवे. जपानच्या निइगाता प्रांतातील डोंगराळ गावांत खाण्यासाठी पाळलेल्या कार्प माशांत एकोणिसाव्या शतकात रंगीत पिल्ले निपजू लागली आणि शेतकऱ्यांनी ती निवडून वाढवली. सांके हा पांढऱ्या अंगावर काळे ठिपके उमटलेला मासा. एइझाबुरो होशिनो यांनी 1917 च्या सुमारास ही जात स्थिर केली, असे मानले जाते. शोवाचे मूळ मात्र काळ्यातच आहे. जुकिची होशिनो यांनी 1927 मध्ये काळ्या-पिवळ्या ‘की उत्सुरी’चा लाल-पांढऱ्या ‘कोहाकू’शी संकर केला, त्यातून तो निघाला. सुरुवातीच्या शोवाचा लाल रंग पिवळट, नारिंगी होता. 1960 च्या दशकात तोमिजी कोबायाशी यांनी पुढचे संकर करून तो आजच्यासारखा गडद केला. दोन्ही नावे जपानी सम्राटांच्या कारकिर्दींवरून पडली आहेत: तैशो (1912–1926) आणि शोवा (1926–1989). सांकेचे पूर्ण नावच ‘तैशो सांके’ आहे.

आता प्रत्यक्ष पारख. मासा शक्यतो वरून पाहावा, कारण कोईची निवड पिढ्यानपिढ्या तळ्यात वरून पाहूनच झाली आहे. निळ्या पसरट टबात घेतला तर पांढरा आणि काळा दोन्ही उठून दिसतात. पहिली नजर डोक्यावर टाकावी. शोवाच्या डोक्यावर सुमी हवीच, आणि ती कपाळावरून नाकाकडे तिरकी उतरून चेहरा दुभागत असेल तर फारच उत्तम. सांकेचे डोके सहसा सुमीविना असते.

त्यानंतर पाठीवरून नजर खाली बाजूंकडे न्यावी. सांकेचे काळे ठिपके सुटे असतात आणि बहुधा पार्श्वरेषेच्या, म्हणजे अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेच्या, वरच राहतात. शोवाची सुमी मोठ्या, सलग पट्ट्यांची असते आणि पोटाच्या बाजूने वर चढून अंगाला वेढते. एवढ्या एका गोष्टीपुरती काचेची टाकी वरून पाहण्यापेक्षा सोयीची, हे कबूल केले पाहिजे.

तिसरी खूण छातीजवळच्या परांची. शोवाच्या या परांच्या मुळाशी काळा डाग असतो, त्याला ‘मोतोगुरो’ म्हणतात. सांकेच्या परांवर काळे काही असलेच तर बारीक रेघा असतात. शोवाच्या पिल्लाचे पर मात्र सुरुवातीला जवळजवळ पूर्ण काळे असू शकतात आणि वयाबरोबर तो काळेपणा मुळाकडे सरकतो. म्हणून लहान मासा निव्वळ काळ्या परांमुळे नाकारणे मला घाईचे वाटते.

लहान मासा घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. पांढऱ्या कातडीखाली निळसर करड्या छाया दिसत असतील, तर ती अजून वर न आलेली सुमी असते आणि पुढे तिथे काळा रंग उमटण्याची शक्यता असते. अंड्यातून निघालेल्या शोवाच्या पिल्लांतून पैदासकार काही दिवसांतच काळी पिल्ले तेवढी ठेवतात, कारण कुळाचा काळा रंग त्यांच्यातच उतरलेला असतो.

सर्वांत जास्त गोंधळ ‘किंदाई शोवा’ या प्रकारात होतो. त्याच्या अंगावर पांढरा रंग इतका असतो की घाईत तो सांके वाटतो. अशा वेळी पाठीवरचे ठिपके मोजत न बसता डोके आणि परांची मुळे पाहावीत. दोन्हीकडे सुमी सापडली, तर मासा शोवाच समजावा.