स्थलांतरित कुटुंबांनी मुलांचे शिक्षण आणि घरची भाषा कशी सांभाळावी

परक्या देशात मूल शाळेत जाऊ लागले की घरची भाषा बोलणे थांबवा, असा सल्ला पालकांना वारंवार मिळतो; तो मानू नये. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले की एका भाषेत कमावलेली वाचन आणि विचार करण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. म्हणून शाळेत शिकलेला अपूर्णांक किंवा प्रकाशसंश्लेषण घरी आपल्या भाषेत मुलाकडून समजावून घ्यावे आणि रोज थोडे वाचन व लेखन त्याच भाषेत करवावे, कारण केवळ बोलण्याने भाषा स्वयंपाकघरापुरतीच उरते.

प्रवेशाच्या वेळी मुलाची भाषा आणि त्या भाषेतील पूर्वीचे शिक्षण शाळेला लेखी कळवावे. नावाचा नेमका उच्चारही शिक्षकांना सांगावा. ही बाब किरकोळ नाही.

नव्या भाषेतील रोजचे संभाषण साधारण दोन वर्षांत जमते, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला बहुधा पाच ते सात वर्षे लागतात. मूल अस्खलित बोलते म्हणून शाळेने भाषासाहाय्य थांबवले, तर पालकांनी ते पुन्हा मागावे, आणि मुलाला ‘मंद’ ठरवले जात असेल तर त्याची चाचणी घरच्या भाषेतही घेण्याचा आग्रह धरावा. अशा वेळी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३० चा आधार घेता येतो, कारण अल्पसंख्याक समूहातील मुलाला आपली संस्कृती, धर्म आणि भाषा जपण्याचा हक्क नाकारू नये, असे ते सांगते.

किशोरवयात मूल घरची भाषा टाळू लागले, तर रागावण्याऐवजी त्याच भाषेत बोलणाऱ्या समवयस्कांशी त्याची गाठ घालून द्यावी.