मुंबईतील जन्मांचे आकडे रोजगाराशी कसे ताडून पाहावेत

एखाद्या वर्षी मुंबईत जन्म घटले आणि त्याच सुमारास नोकऱ्याही गेल्या, एवढ्यावरून मंदीने पाळणा लांबवला असा निष्कर्ष काढू नये. आधी नोंद कोठे झाली ते पाहावे. जन्म जेथे होतो तेथेच तो २१ दिवसांत नोंदवावा, अशी १९६९ च्या कायद्याने घालून दिलेली पद्धत आहे. त्यामुळे पहिल्या बाळंतपणासाठी चिपळूणला माहेरी गेलेल्या लालबागच्या सुनेचे मूल चिपळूणच्या खात्यात जमा होते, तर परळच्या केईएम किंवा वाडिया रुग्णालयात बाळंत झालेल्या पालघरच्या बाईचे मूल मुंबईच्या खात्यात. नोंदणीच्या अर्जात आईचे राहते गाव विचारलेले असते. त्यानुसार वर्गवारी केलेले तक्तेच वापरावेत.

मग छेद, म्हणजे जन्मांच्या आकड्याला ज्या लोकसंख्येने भागायचे ती, तपासावा. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. गिरगावात बारशी कमी झाली तर कुटुंबेच विरार-डोंबिवलीला गेली नाहीत ना, हे पाहायला हवे. म्हणून १५ ते ४९ वयाच्या दर हजार स्त्रियांमागे किती जन्म झाले ते काढावे आणि त्याची तुलना त्याच नव्हे, तर आदल्या वर्षाच्या रोजगाराशी करावी.

खरी मेख नोकरी कोणाची गेली यात असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत बहुतांश पुरुष होते. असा पुरुषांचा रोजगार बसला की तरुणांची लग्ने अडतात, आणि आपल्याकडे मूल बहुधा लग्नानंतरच होत असल्याने जन्मांआधी लग्नांचे आकडे पाहावे लागतात. स्त्रीची नोकरी गेली तर, बुडायला पगारच नसल्याने, मूल होऊ देण्यास हीच वेळ सोयीची, असा एक शास्त्रीय युक्तिवाद आहे; घराचा हप्ता दोन पगारांवर भागवणाऱ्या कांदिवलीच्या जोडप्याला तो ऐकवून पाहावा! स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात बेरोजगारी वाढली, तेव्हा पालकत्वाचा भत्ता आधीच्या पगारावर ठरत असल्याने अनेक तरुणींनी आधी नोकरीच पाहिली. एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचा आकडा, १९९० मधील २.१ वरून १९९९ पर्यंत १.५ वर आला. आपल्याकडेही २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते, त्यामुळे कंत्राट संपलेल्या मुलीचा पगार जातो तशी रजाही जाते.

शेवटी, घट तात्पुरती की कायमची हे ठरवण्यासाठी जन्म आईच्या वयानुसार आणि अपत्यक्रमानुसार वेगळे करावेत. पंचविशीतली पहिली बाळंतपणे घटून काही वर्षांनी तिशीत ती वाढलेली दिसली, तर मूल पुढे ढकलले गेले होते. दुसरे अपत्यच गळाले असेल, तर ती भर पुढे निघत नाही. मात्र महाराष्ट्राचा एकूण जननदर तसाही २००५-०६ मधील २.१ वरून २०१९-२१ मध्ये १.७ वर उतरला आहे. ही उतरती रेषा आधी आखून घ्यावी आणि तिच्याही खाली गेलेली वर्षेच मंदीच्या खाती मांडावीत.