पहिला पायजमा बेतण्याआधी

घरात घालायला सैलसर काही शिवायचं मनात असेल, तर सुरुवात पायजम्यापासून करा. गाऊनला गळा असतो, टॉपला बाह्या, आणि बाही मुंढ्यात नीट बसवणं नवशिक्याला जड जातं. पायजम्याला दोन पाय, एक आसन (दोन्ही पाय जिथे जुळतात तो भाग) आणि एक नेफा (नाडी-इलॅस्टिक ओवायची कमरेची दुमड), बस्स. शिवण सरळ आहे. जे बिघडतं ते बहुतेक मशीनवर बसायच्या आधीच बिघडतं, म्हणून ही सगळी तयारी त्याआधीची.

कापड सुती घ्या, मध्यम जाडीचं. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक चालेल, ऊब हवी असेल तर फ्लॅनेल. टी-शर्टचं होजिअरी कापड अंगाला छान लागतं, पण ते मशीनखाली ताणलं जातं, त्याला गोल टोकाची सुई आणि झिगझॅग टाका लागतो. रेयॉन तर कापतानाच टेबलावरून घसरत राहतं. ही दोन्ही पुढच्या खेपेला. चौकडा आणि एकाच दिशेची नक्षीसुद्धा पहिल्या वेळी नको. चौकडी जुळवत बसावी लागते, आणि कापड आडवं दुमडून कापलं तर एका पायावरची फुलं उलटी लटकतात.

किती घ्यायचं ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर ठरतं. बाजूची शिवण न ठेवता प्रत्येक पाय अखंड कापायचा, तर मध्यम मापाला एका पायाची रुंदी २८ ते ३० इंच होते. ४४ इंची पन्ह्यात असे दोन पाय शेजारी मावत नाहीत, म्हणून उंची दोनदा धरावी लागते. ४० इंच उंची, वर नेफ्याचे २, खाली मोहरीचे (पायाच्या टोकाच्या दुमडीचे) २, असे ४४ इंच दोनदा, म्हणजे ८८ इंच. अडीच मीटर घेतलंत की आटण्याचीही सोय झाली. ५८ इंची पन्ह्यात लहान माप असेल तर दोन्ही पाय शेजारी बसतात आणि दीड मीटरमध्ये भागतं.

आणि कापड आणलं की धुवा. नव्या कोऱ्या कापडाची घडी मोडवत नाही, कबूल, पण सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४० इंचांत हे सव्वा ते दोन इंच झाले, म्हणजे घोट्यापर्यंतचा पायजमा घोट्याच्या वर. पुढे जसं धुणार आहात तसंच आत्ता धुवा, वाळवा, इस्त्री करा. मग टोकाजवळचा एक आडवा धागा ओढून काढा. त्या जागी जी बारीक रेघ दिसते तिच्यावरून कापलंत की कड सरळ होते. पायाची उभी रेघ काठाला समांतर ठेवायची, नाहीतर पाय अंगावर पिळल्यासारखा फिरतो.

मापं बसून घ्या. हे मी आग्रहानं सांगते, कारण घरचा पायजमा उभं राहायला नसतो, मांडी घालायला असतो. कमरेला एक दोरी बांधा, टणक खुर्चीवर ताठ बसा आणि बाजूनं दोरीपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत टेप धरा. ही आसनाची खोली. तिच्यात एक ते दीड इंच मिळवा. सीटचं माप सर्वांत भरलेल्या जागी घ्या आणि त्यात ६ ते ८ इंच सैलपणा धरा.

अंगाला बरा बसणारा जुना पायजमा असेल तर निम्मं काम झालं. एक पाय दुसऱ्यात घाला, जुन्या वर्तमानपत्रावर पसरा, इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा आणि पेन्सिलनं कडेकडेनं रेघ मारा. इलॅस्टिक ताणलं नाही तर कागदावर चुण्यांचं माप येतं आणि कंबर चढतच नाही. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी उतरवा. मागचं आसन उंच आणि लांब असतं, बसताना तिथेच कापड लागतं. मग शिवणीच्या कडांना अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडा. ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्यानं गुंफणारं मशीन) नसेल आणि आतले धागे सुटायला नको असतील, तर आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिवा, कड कातरा, उलटवून पुन्हा शिवा. एवढ्याच मायेत बसतं.

कापताना कापडाच्या सुलट बाजू एकमेकींसमोर ठेवून दुहेरीच कापा, नाहीतर एकाच बाजूचे दोन पाय हाती येतात. उलट बाजूला खडूनं ‘पुढे’, ‘मागे’ लिहा. शिवण उलट्या बाजूनं चालते तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. खिसा हवा असेल तर तो पाय सपाट असतानाच लावा. मोबाईलचं वजन खाली ओढतं, तेव्हा खिसेवाल्या पायजम्याला इलॅस्टिकबरोबर नाडीही असू द्या, आणि नाडीची काजी (नाडी बाहेर काढायची भोकं) नेफा दुमडायच्या आधी करा.

मशीनला १४ नंबरची नवी सुई, वर-खाली एकाच जातीचा दोरा. दोरा ओवताना दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) वर हवी. उरलेल्या कापडाच्या दुहेरी तुकड्यावर अडीच मिलिमीटरचा टाका घालून बघा. खालच्या बाजूला फासे दिसले तर बॉबिनशी (खालच्या दोऱ्याच्या रिळाशी) झटापट करू नका, वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. हाताशी टाचण्या, उसवणी आणि इस्त्री ठेवा.

इलॅस्टिक एक इंची. कंबरेच्या मापापेक्षा दोन-तीन इंच कमी कापायचं हा ढोबळ हिशेब, पण प्रत्येक इलॅस्टिकची ओढ निराळी. नेफ्यात ओवून टोकं सेफ्टी पिननं जोडा, थोडा वेळ घालून बसा, जेवून बघा, आणि मगच टोकं शिवा.