दिवाळीचं तेल, उन्हाळ्यातली गाडी

दिवाळीच्या तळणीतून उरलेलं तेल डिझेल गाडीत जाळायचं असेल तर सगळ्यात आधी बॉनेट उघडा. इंजिनावर किंवा गाडीच्या मागच्या बाजूला सीआरडीआय, क्वाड्राजेट, मल्टिजेट, डीडीआयएस असं काही लिहिलेलं दिसलं तर बॉनेट बंद करा आणि पंपावर जाऊन डिझेलच भरा. ही सगळी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनांची नावं. कॉमन रेलच्या पंपात दाब हजार बारच्या वर असतो. त्याला तळणीचं तेल पाजलं तर होणाऱ्या खर्चात एखादी जुनी गाडी येईल.

माझी गाडी 2004 ची इंडिका. 1405 सीसी, टर्बो नाही, पिंपरीत बनलेली. तिचं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे इंधन आधी एका छोट्या कप्प्यात उडतं, तिथे पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. असं इंजिन जाड इंधन बऱ्यापैकी सहन करतं. जुनी सुमो, डिझेल अँबॅसडर, प्यूजो इंजिनाची महिंद्रा जीप, डिझेल झेन हीसुद्धा त्याच जातीची. फक्त इंजिनाला इंधन दाबून देणारा पंप कोणता आहे ते बघून घ्या. बॉश धाटणीचा चालतो. लुकासचा रोटरी पंप नाजूक असतो, थंड जाड तेलात त्याचा रोटर अडकून मोडू शकतो.

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, धनकवडीत राहते. मोठ्या जाऊबाई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. चकली, शेव, चिवडा, कडबोळी सगळं उरकलं की त्यांच्याकडे डबेच्या डबे तेल उरतं. ते मोरीत ओतताना पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. शेंगदाण्याच्या तेलावर डिझेल इंजिन पॅरिसच्या प्रदर्शनात 1900 सालीच चालवून दाखवलं होतं, हे मी पोरांना दरवर्षी सांगत आले होते. स्वतः मात्र कधी करून पाहिलं नव्हतं.

सिलिंडरच्या आत काय जळतंय याचं इंजिनाला फारसं पडलेलं नसतं. अडचण असते पंपाला आणि इंधन फवारणाऱ्या नॉझलला. डिझेलचा दाटपणा 40 अंशांवर 2 ते 4.5 सेंटिस्टोक. खाद्यतेलाचा त्याच तापमानाला 35 ते 40. असं घट्ट तेल नॉझलमधून बारीक फवाऱ्यासारखं न उडता धारेसारखं पडतं, अर्धवट जळतं आणि नॉझलच्या तोंडाशी कोळसा धरतो. तेच तेल 80 अंशांपर्यंत तापवलं की दाटपणा दहा-बारावर येतो. म्हणून गाडीत दोन टाक्या लागतात: सुरुवात डिझेलवर, इंजिन तापल्यावर गरम तेलावर, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर.

तेलापासून बायोडिझेल करायचा, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने तेलच पातळ करायचा दुसरा रस्ताही आहे. त्याला मिथेनॉल आणि कॉस्टिक लागतं. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, कातडीतूनही ते शरीरात उतरतं आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. प्रयोगशाळेत मी ते केलंय, घराच्या गच्चीवर करणार नाही. तुम्हीही करू नका.

तेल

गाडीचं काम माझ्या हाताने दोन शनिवार-रविवारात झालं. तेलाचं काम वर्षभर चालतं. लोक नेमके उलटे वागतात: आधी टाकी बसवतात आणि मग नुसतं गाळणं धरून कढईतलं तेल थेट तिच्यात ओततात.

तेल कुठलं घ्यायचं हे आधी ठरवा. वडापावच्या गाडीवरचं बहुतेक पामतेल असतं, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास आला की ते थिजून पांढरं होतं. डालड्याची तीच कथा. सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा घ्या. जाऊबाईंना मी सांगितलं, "वहिनी, शंकरपाळ्यांचा डालडा वेगळ्या डब्यात ठेवा." त्या म्हणाल्या, "अगं, गाडीला काय कळतंय?" गाडीला बरोबर कळतं, पण जानेवारीत.

मोठ्या हॉटेलांकडे जाऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होतात ती) 25 टक्क्यांवर गेली की ते तळणीला वापरता येत नाही, आणि दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवून उरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं असतं. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्यासाठीच्या 2018 च्या रुको योजनेपासून ही घडी बसवली गेली. नाहीतर तेच काळं तेल स्वस्तात परत कुठल्यातरी टपरीवर पोचतं. मी फक्त घरातलं घेते: जाऊबाईंचं आणि सोसायटीतल्या आठ-दहा घरांचं. वर्षाला साठेक लिटर होतं.

आता गाळणं. यात पुण्याची हवा निम्मं काम फुकट करते, फक्त घाई करायची नाही.

दिवाळीनंतर सगळं तेल पन्नास लिटरच्या दोन पिंपांत भरते. पिंपाची तोटी तळापासून चार बोटं वर बसवलेली आहे, खालचा साका तोटीत येऊ नये म्हणून. भरताना चौपदरी मांजरपाटातून गाळते. मग झाकण लावायचं आणि सावलीत जानेवारी संपेपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत जे थिजायचं ते थिजतं, पिठाचा चोथा आणि पाणी तळाला जातं, वर तेल निवळतं. हे थंडीतलं नितळणं महत्त्वाचं आहे. बरेच जण तेल तापवून गाळतात, म्हणजे पटकन उतरतं. पण तापल्यावर थिजणारी चरबीही विरघळून गाळणीतून पार होते आणि गाडीच्या फिल्टरमध्ये जाऊन परत थिजते.

फेब्रुवारीत वरचं तेल दुसऱ्या पिंपात काढायचं, तेही गार असतानाच, आरओच्या आधी लावतात त्या 5 मायक्रॉनच्या पांढऱ्या कँडलमधून. गच्चीवर पिंप उंचावर ठेवून रात्रभर थेंबथेंब उतरू द्यायचं. मग मार्चच्या शेवटी काळ्या रंगाचं बंद पिंप तीन-चार दिवस उन्हात ठेवते. तेल गरम आणि पातळ झालं की उरलंसुरलं पाणी तळाला उतरतं, ते खालून काढून टाकायचं. त्यानंतर लगेच सावलीत. जास्त ऊन आणि हवा लागली की तेल चिकट आणि खवट होतं. पावसाळ्यात पिंप उघडायचंच नाही, म्हणून माझं सगळं तेल मे अखेरपर्यंत गाडीत संपलेलं असतं.

पाण्याची परीक्षा कुठल्याही स्वयंपाकघरात होते. फोडणीच्या पळीत थोडं तेल घेऊन तापवा. गप्प राहिलं तर कोरडं. तडतडलं तर पिंप परत उन्हात.

दुसरी परीक्षा आम्लतेची. तेल वारंवार तळणीत वापरलं की त्यातली आम्लं सुटी होतात आणि ती पंपाचं धातू खातात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा (सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच). दहा मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिलि तेल घ्या. त्यात सूचक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन, नसेल तर हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेलं पिवळं पाणी. आता सिरिंजने सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडा. हळद चुन्याने लाल होऊन कुंकू बनतं, तेच इथे होतं: रंग लाल होऊन अर्धा मिनिट टिकला की किती मिलि लागले ते वाचा. 2 मिलिच्या वर गेलेलं तेल मी घेत नाही. बटाटेवड्यांच्या तेलात मुळातच हळद उतरलेली असते, त्यामुळे ते नुसतंच लाल होऊ लागतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं सूचक दोनदा घातलं की काय.

गाडी

डिकीत वीस लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी बसवा. तांबं नको. मी कौतुकाने तांबट आळीत जाऊन तांब्याची सुंदर कॉइल वळवून घेतली होती आणि मग वाचलं की तांब्याच्या संपर्कात तेल लवकर घट्ट होऊ लागतं. पितळ आणि जस्ताचा मुलामाही तसाच वाईट. ती कॉइल आता घरी बंबाशेजारी टांगलेली आहे. टाकीतली कॉइल स्टेनलेसचीच हवी, आणि तीही तेल जिथून ओढलं जातं त्या तोंडाभोवती.

कॉइलमध्ये केबिनच्या हीटरकडे जाणारं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवायचं. टाकीपासून इंजिनापर्यंतची तेलाची नळी कूलंटच्या होजला चिकटवून, वरून फोम गुंडाळून न्यायची, नाहीतर टाकीत तापलेलं तेल पुढे येईतो गार होतं. तेलाला स्वतंत्र फिल्टर लावा आणि त्यालाही कूलंटची नळी गुंडाळा. फिल्टर, होज आणि क्लिपा नाना पेठेत मिळतात. पंपाजवळ तेलाचं तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर बसवा, मी तो बुधवार पेठेतून आणला. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असतो, त्यावर भरवसा ठेवू नका.

एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जायला व्हॉल्व्ह दोन घ्या, पंपाकडे जाणाऱ्या पुरवठ्याचा वेगळा आणि पंपातून टाकीत माघारी येणाऱ्या जादा इंधनाचा, म्हणजे परतीचा वेगळा. सहा तोंडांचा एकच व्हॉल्व्ह सुटसुटीत वाटतो, पण तो दोन्ही बाजू एकाच क्षणी फिरवतो आणि पंपात उरलेलं तेल डिझेलच्या टाकीत जातं. वेगवेगळे असले की आधी पुरवठा डिझेलवर आणायचा, मिनिटभर थांबायचं, मग परतीचा फिरवायचा.

ओढणाऱ्या बाजूच्या क्लिपा दोनदा घट्ट करा. जाड तेल ओढताना पंपाला जोर लागतो आणि बारीकशा फटीतूनही गाडी एअर घेते. इंजिन चुकायला लागलं की लोक तेलाला दोष देतात, निम्म्या वेळा क्लिप ढिली असते. सुरुवातीचे काही महिने हातपंपाने एअर काढायची सवय ठेवा आणि एक जादा फिल्टर डिकीत ठेवा.

कागदांचं सांगायचं तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीचं इंधन बदलणं हा नोंदणीतला फेरफार ठरतो. पाना हातात घेण्याआधी आरटीओची परवानगी आणि विमा कंपनीला लेखी पत्र. माझी फाइल दोन इंच जाड आहे, तिची गोष्ट पुन्हा कधीतरी.

चालवणं

धनकवडी ते स्वारगेट जायला हा खटाटोप निरुपयोगी. इंजिन तापेपर्यंत स्वारगेट येतं. माझं तेल फक्त माहेरच्या, वाईच्या रस्त्यावर जळतं. घरून डिझेलवर निघते. कात्रजचा बोगदा पार करून शिवापूरचा टोलनाका मागे पडला की थर्मामीटर 70 च्या वर असतो, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवते. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये किंचित दम कमी वाटतो, कारण लिटरमागे तेलात ऊर्जा थोडी कमी असते. सुरूर फाट्याला वळले की परत डिझेल. मागच्या गाडीवाल्यांना भज्यांचा वास येतो म्हणतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा तक्रार केली होती, पण त्यांच्याच घरच्या तेलाचा डबा त्या दिवशी माझ्या पिंपात होता.

एका तेल-खेपेला जाऊन-येऊन सात-सव्वासात लिटर लागतं, म्हणजे साठ लिटरांत वाईच्या आठेक खेपा. डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर वर्षाला पाचेक हजार वाचतात. सामानाला माझे चौदा हजार गेले. त्यात इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदलावं लागतं, कारण न जळलेलं खाद्यतेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपतं आणि इंजिन ऑइलला घट्ट करतं. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत ताणून बघायची सवय लावा. एकतारी पाकासारखी तार आली तर त्याच दिवशी ऑइल बदला, गॅरेजची पुढची तारीख बघत बसू नका. पैशासाठी हे करणार असाल तर सरळ पीएमपीच्या बसचा पास काढा.

तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सोयाबीन, सूर्यफूल यांसारखी तेलं हवेत वाळताना तापतात आणि फडक्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

एकच गोष्ट मी विसरले होते, तीही एकदाच. भाच्याच्या साखरपुड्याला उशीर झाला होता, सुरूर फाट्याला व्हॉल्व्ह फिरवलाच नाही, थेट दारात जाऊन किल्ली काढली. त्या वर्षी दिवाळीआधीचं तेल अजून उरलं होतं आणि डिसेंबर होता. सकाळी पंपात आणि नॉझलमध्ये गार तेल घट्ट बसलेलं. बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला. दादा उकळतं पाणी ओतायला निघाला होता, त्याला अडवलं, तसं केलं तर पंपाला तडा जाऊ शकतो. गरम पाण्यात पिळलेले पंचे पंपावर आणि नळ्यांवर तासभर बदलत राहिलो, डिझेलच्या बाजूने हातपंप मारला आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढून गाडी चालू केली. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पुढच्या वेळी येताना चकल्याच आण, तेल नको." तेव्हापासून किल्लीच्या रिंगला एक लाल दोरा बांधलाय. व्हॉल्व्ह तेलावर असला की दोरा हँडब्रेकला गुंडाळते, डिझेलवर आला की सोडते. दोरा सुटल्याशिवाय किल्ली निघत नाही.