करवंटीचा झुलता दिवा

आमच्या मालवणच्या घरी रोज नारळ फुटतो आणि करवंट्या बंबात जातात. त्यातल्याच एकीचा दिवा मी पडवीत टांगला आहे.

डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो टोकरून मोठा करा आणि वायर तिथूनच ओवा. खोबरं खरवडून करवंटी दोन दिवस उन्हात ठेवा. मग घासणं, आणि इथे घाई नको! आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, काथ्याचं शेवटचं कुसळ जाईपर्यंत. नंतर २२० नंबरचा. माझा सगळा रविवार त्यात गेला, पण खालून जो गडद तपकिरी रंग वर आला, तो पाहून हात दुखत असल्याचं विसरले. व्हार्निश लावूच नका. खोबरेलाचे दोन हात पुरतात.

उजेड बाहेर पडण्यासाठी पाडायच्या भोकांना ३ मिलिमीटरचं ड्रिल, तेही हलक्या हाताने. जोर दिला की करवंटी तडकते. कडेपासून बोटभर जागा सोडा. आत पिवळ्या उजेडाचा ३ वॅटचा छोटा एलईडी बल्बच हवा, जुना तारेचा बल्ब फार तापतो. होल्डरची जोडणी वायरमनकडून करून घ्या.

आता आई करवंटी बंबात टाकण्याआधी मला विचारते.