पावसाळी दुपारी बाळासाठी साबणाचे फुगे

साबणाचे फुगे हा उन्हाळी सुट्टीतला खेळ मानला जात असला, तरी मुंबईत तो पावसाळ्यात अधिक चांगला जमतो. फुग्याचा पापुद्रा साबणपाण्याचा असतो आणि त्यातले पाणी हवेत उडून गेले की तो फुटतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे पाणी सावकाश उडत असल्याने फुगा थोडा जास्त टिकतो आणि बाळाच्या नजरेला त्याच्यामागे जायला अवधी मिळतो.

तीन भाग पाण्यात एक भाग डोळ्यांना न झोंबणारा बेबी शाम्पू घालून, फेस होऊ न देता हलक्या हाताने ढवळावे आणि काही तास झाकून ठेवावे. पाणी नळाचेच घ्यावे, कारण बोअरवेलच्या पाण्यात क्षार अधिक असतील तर फुगे नीट धरत नाहीत. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर मात्र मुळीच वापरू नये. फुंकण्यासाठी पातळ तारेला रुपयाच्या नाण्याएवढे वळे द्यावे आणि ते बाळाच्या हाती लागू देऊ नये.

तीन-चार महिन्यांच्या बाळाला उताणे निजवावे, पंखा बंद करावा आणि हातभर अंतरावरून, चेहऱ्याच्या दिशेने नव्हे तर बाजूला, एका वेळी एक-दोनच फुगे सोडावेत. हौसेने खोलीभर फुगे उडवणाऱ्या काका-मामांना येथे आवरावे लागते, कारण इतक्या लहान बाळाला एकच फुगा पुरतो. बाळाने मान फिरवली किंवा ते कुरकुरू लागले, की थांबावे.

बाळ बसू लागले की खेळ हाताकडे वळतो. कोरड्या बोटाने फुगा लगेच फुटतो, पण तुमचा तळहात साबणपाण्याने ओला असेल तर तो त्यावर क्षणभर विसावतो आणि बाळाला जवळून पाहता येतो. मला स्वतःला याहून फेसाचा खेळ सरस वाटतो: पातेल्यात दोन चमचे शाम्पू आणि थोडे कोमट पाणी घेऊन रवीने घुसळावे, वर आलेला फेस तेवढा परातीत काढावा आणि बाळासमोर ठेवावा. बाळ आधी बोट लावते, मग मूठ वळते आणि मुठीत काहीच उरले नाही म्हणून पुन्हा हात घालते. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते, म्हणून एका मोठ्या माणसाने शेजारीच बसून हात तोंडापाशी येताच ओल्या फडक्याने पुसावा. फेस डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत, आणि अंगावर पुरळ किंवा जखम असेल त्या दिवशी हा खेळ टाळावा. परातीत पाणी साचू देऊ नये, आणि दाराची घंटा वाजली तरी बाळाला परातीजवळ एकटे सोडू नये.

लादीवर साबण सांडला की ती कमालीची निसरडी होते, त्यामुळे खाली जुनी चादर अंथरावी आणि खेळ आटोपल्यावर बाळाला कडेवर घेऊन चालण्याआधी लादी कोरडी पुसून घ्यावी.