विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर: ब्लूटूथ चालत नसेल तर या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत भाची घरी आली ती तक्रार घेऊनच. "मामा, रात्री विंडोजवर हेडफोन मस्त चालतो. सकाळी उबुंटू लावलं की जोडलाच जात नाही. तिथे नव्याने पेअर केला की संध्याकाळी विंडोज त्याला ओळखत नाही." तिने चार वेळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला होता. एकदा तर उबुंटूच, म्हणजे तिच्याकडचं लिनक्सच, पुसून नव्याने बसवलं होतं. दुरुस्तीच्या दुकानात ब्लूटूथचं कार्ड गेल्याचं सांगून नव्या कार्डाची किंमतही ऐकवली होती.

कार्ड धडधाकट होतं आणि ड्रायव्हरही. ड्युअल बूटवर, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टिम असताना, ब्लूटूथ अडलं की आपण पहिला हात ड्रायव्हरला घालतो, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो. कार्ड एक, पत्ता एक, पण त्यावर हक्क सांगणाऱ्या सिस्टिम दोन. खरी अडचण इथे आहे. हे एकदा लक्षात आलं की निम्मा शोध आपोआप संपतो.

चूक पहिली: किल्ली बदलली असताना ड्रायव्हर बदलत बसणं

पेअरिंग करताना लॅपटॉप आणि हेडफोन मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघेही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी ती किल्ली जुळली तरच जोडणी होते. हेडफोन ही किल्ली लॅपटॉपच्या ब्लूटूथ पत्त्यासमोर लिहून ठेवतो, आणि तो पत्ता कार्डाचा असतो. विंडोज असो वा लिनक्स, हेडफोनच्या लेखी समोरचा लॅपटॉप तोच.

आता क्रम पाहा. तुम्ही उबुंटूत पेअर केलं, किल्ली ठरली. मग विंडोजमध्ये पेअर केलं, नवी किल्ली ठरली. हेडफोनने त्याच पत्त्यासमोरची जुनी किल्ली खोडून नवी लिहिली. उबुंटूकडे मात्र जुनीच राहिली. तिथे परत गेलात की उबुंटू जुनी किल्ली पुढे करतं आणि हेडफोन ती नाकारतो. यात ड्रायव्हरचा संबंध येतो कुठे?

उपाय असा की दोन्हीकडे एकच किल्ली ठेवायची. त्यासाठी क्रम पाळावा लागतो: आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये, आणि त्यानंतर लिनक्समध्ये पुन्हा पेअर करू नका. शेवटची किल्ली विंडोजकडे असते. ती तिथून काढून लिनक्समध्ये लिहायची.

विंडोज ही किल्ली रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ठेवतं. सिस्टिम शाखेतल्या करंट कंट्रोल सेटखाली सर्व्हिसेस, बीटीएचपोर्ट, पॅरामीटर्स, कीज असं उतरत जायचं. साध्या ॲडमिन खात्याने रजिस्ट्री एडिटर उघडला तर कीजचा फोल्डर रिकामाच दिसतो आणि अनेकजण तिथूनच मागे फिरतात. आतला मजकूर फक्त विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याला दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या पीएसएक्झेक या साधनाने एडिटर सिस्टिम खात्याखाली उघडला की आत कार्डाच्या पत्त्याचा फोल्डर आणि त्यात प्रत्येक उपकरणाची १६ बाइटची किल्ली दिसते. ती कागदावर उतरवून घ्या किंवा फोटो काढा.

लिनक्सच्या बाजूने वाचायची असेल तर विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) माउंट करून, म्हणजे लिनक्सला जोडून, सीएचएनटीपीडब्ल्यू (chntpw) या साधनाने रजिस्ट्रीची फाईल उघडता येते. फक्त वाचा, आत काही बदलू नका. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असते. तसं असेल तर या वाटेला न जाता विंडोजमधूनच किल्ली काढा.

लिनक्समध्ये किल्ल्या व्हार फोल्डरच्या आत लिब, त्याच्या आत ब्लूटूथ या ठिकाणी असतात. तिथे कार्डाच्या पत्त्याचा फोल्डर, त्यात उपकरणाच्या पत्त्याचा फोल्डर, त्यात इन्फो नावाची फाईल. या फाईलमध्ये लिंक-की (LinkKey) असं शीर्षक असलेल्या भागात 'की' (Key) या शब्दापुढचा मजकूर बदलायचा. इंग्रजी अक्षरं कॅपिटल, मध्ये जागा किंवा स्वल्पविराम नको. फाईलची प्रत आधी बाजूला ठेवा, मग ब्लूटूथची सेवा पुन्हा सुरू करा. भाचीचा हेडफोन या टप्प्यावर पहिल्याच फटक्यात जोडला गेला आणि तेव्हापासून दोन्हीकडे चालतो आहे.

माउस आणि कीबोर्डचं प्रकरण थोडं किचकट. त्यातले बरेचसे कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ, म्हणजे एलई वापरतात. त्यांच्याकडे किल्ली एकच नसते. मुख्य किल्लीबरोबर आणखी दोन आकडे असतात, ते विंडोज एका पद्धतीने लिहितं आणि लिनक्स दशमान पद्धतीने. त्यातल्या एकाचे बाइट उलट्या क्रमाने लावून मगच रूपांतर करावं लागतं. शिवाय काही माउस प्रत्येक पेअरिंगला स्वतःचा पत्ताच थोडा बदलतात, म्हणून लिनक्समधल्या फोल्डरचं नावही नव्या पत्त्याप्रमाणे बदलावं लागतं. किल्ली बरोबर घातली तरी माउस जोडला जात नाही म्हणून हैराण झालेल्यांनी आधी हा पत्ता ताडून पाहावा. माउसवर दोन-तीन उपकरणांसाठी वेगळी बटणं असतील तर मात्र ही कसरत करूच नका. एक नंबर विंडोजला द्या, दुसरा लिनक्सला. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

चूक दुसरी: शटडाउन केलं म्हणजे बंद झालं असं समजणं

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन दाबलं की विंडोज स्वतःचा गाभा पूर्ण बंद करत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं. मशीन लवकर सुरू होतं खरं, पण ड्युअल बूट असणाऱ्याला हे महागात पडतं. विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्सला लिहू दिलं जात नाही, आणि ब्लूटूथची चिप कधी कधी अर्धवट अवस्थेत पुढच्या सिस्टिमच्या हाती पडते.

ते बंद करायला कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा. सुरुवातीला पर्याय फिके दिसतात. वरची 'चेंज सेटिंग्ज' सुरू होणारी ओळ दाबली की ते उघडतात, मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' पुढची खूण काढा. ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करावं असं माझं ठाम मत आहे, ब्लूटूथ बिघडलेलं असो वा नसो.

तरीही चिप अडकली असेल तर रीस्टार्टने सुटतेच असं नाही, कारण रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. इतका साधा उपाय करून न पाहता लोक कार्ड बदलायला निघतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चूक तिसरी: वायफाय चालतंय, मग कार्ड ठीकच आहे

वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर बसलेले असतात, पण मदरबोर्डशी त्यांचं बोलणं वेगवेगळ्या वाटांनी चालतं. इंटेलच्या एएक्स२०० सारख्या कार्डात वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवरून जातं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. म्हणून वायफाय जोरात आणि ब्लूटूथ गायब असं होऊ शकतं.

सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचं बटणच दिसत नसेल तर लिनक्समध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही यूएसबीवरच्या उपकरणांची यादी देणारी कमांड चालवा. यादीत ब्लूटूथचं नाव नसेल, किंवा नाव लिहिलेलं नसलं तरी इंटेलच्या चिपचा ८०८७ ने सुरू होणारा क्रमांकही नसेल, तर चिप यूएसबीवर दिसतच नाही. तेव्हा आधी वीज तोडण्याचा वरचा उपाय करा, मग बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ब्लूटूथ चालू आहे ना ते पाहा.

यादीत चिप दिसते पण चालत नाही, तर डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या सिस्टिमच्या नोंदींत ब्लूटूथच्या ओळी वाचा. या ओळी टाळून पुढे जाणं हीच खरी चूक. ओळीच्या शेवटी उणे २ असा आकडा दिसला आणि तिच्यात फर्मवेअर हा शब्द असेल, तर अर्थ सरळ आहे: फर्मवेअरची फाईल सापडत नाही. फर्मवेअर म्हणजे चिपला चालवणारा प्रोग्रॅम. बऱ्याच चिपच्या आत तो पूर्ण साठवलेला नसतो, सिस्टिमने पुरवावा लागतो. उबुंटूत लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करा. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये तो वेगळ्या पॅकेजांत असतो. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतःच तो देऊ लागला, त्याआधी हाताने घालावा लागे. आकडा उणे ११० असेल तर चिप वेळेत उत्तर देत नाही असा अर्थ. तिथे फाईल शोधून काही मिळणार नाही, वीज तोडा. दोन आकडे, दोन वेगळे आजार, आणि लोक दोन्हींवर तेच औषध देतात.

चिप ठीक, फर्मवेअर ठीक, तरी चालू होत नाही? आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही कमांड लिहून पाहा. सॉफ्ट ब्लॉक्ड 'येस' असेल तर आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ या कमांडने सुटतं. हार्ड ब्लॉक्ड 'येस' असेल तर कमांडने काही होत नाही, कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा बायोस पाहावं लागतं.

माउस दोन मिनिटं स्वस्थ ठेवला की झोपतो आणि हलवल्यावर उशिरा जागा होतो, अशी तक्रार असेल तर यूएसबीची वीजबचत हे कारण असू शकतं. बीटीयूएसबी (btusb) या लिनक्समधल्या ब्लूटूथ ड्रायव्हरचं ऑटोसस्पेंड, म्हणजे आपोआप झोपणं, बंद केलं की बऱ्याचदा थांबतं. बॅटरीवर थोडा भार येतो, तो मला मान्य आहे.

चूक चौथी: विंडोजसाठी मिळेल त्या साइटवरून ड्रायव्हर घेणं

इथे थोडक्यातच सांगतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून किंवा चिप बनवणाऱ्याकडून घ्या. 'तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत' असं ओरडणारे प्रोग्रॅम अजिबात बसवू नका. नवा टाकण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून जुना काढताना ड्रायव्हरही पुसण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर विंडोज तोच पुन्हा उचलतं.

आवाज फाटतो म्हणजे ड्रायव्हर खराब नव्हे

गाणं छान वाजतं, पण मीटिंगमध्ये माइक चालू केला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन गाण्यासाठी एटूडीपी प्रोफाइल वापरतो, त्यात माइक नसतो. माइक लागला की तो हँड्सफ्री प्रोफाइलवर येतो आणि दर्जा घसरतो. मीटिंगला लॅपटॉपचाच माइक निवडा, आवाज तसाच राहील. आवाज तुटत असेल तर यूएसबी ३ ची हार्डडिस्क कार्डाजवळच्या पोर्टमधून काढून पाहा. तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं.

किल्ल्यांचा खटाटोप करायचा नसेल तर एक सोपी वाट आहे. लिनक्ससाठी यूएसबीत लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि आतलं कार्ड विंडोजलाच राहू द्या. डोंगलचा पत्ता वेगळा, म्हणून हेडफोनच्या लेखी ते दोन वेगळे लॅपटॉप होतात. हेडफोनने एकापेक्षा जास्त जोडण्या लक्षात ठेवायला हव्यात, आणि हल्लीचे बहुतेक ठेवतात. विंडोजमध्ये मात्र तो डोंगल डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवा, नाहीतर तेही त्यालाच धरेल. विकत घेताना आत कोणती चिप आहे ते विचारा. सीएसआर या कंपनीच्या चिपच्या नकला स्वस्तात मिळतात, आणि लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळ्या तडजोडी कराव्या लागल्या आहेत. आरटीएल८७६१बी ही चिप लिहिलेला डोंगल असेल आणि फर्मवेअरचं पॅकेज ताजं असेल, तर तो लावला की सहसा लगेच चालतो.